माळ्यावरचें पिस्तूल

नागपुरास महाल भागांतील एका जुन्या वाड्यांत गेल्या वर्षीं वाटणी चालली होती. भाऊ तिघे, तिघेही शिकलेले व समजूतदार. भांडीं वजनानें वाटलीं गेलीं, पुस्तकें ज्याला जीं हवीं तीं त्यानें घेतलीं, देव थोरल्याकडे राहिले. कोठें आवाज चढला नाहीं. अडलें तें एका पिस्तुलापाशीं. वीतभर नळीचें, खंडेनवमीस पाटावर मांडलें जाणारें आणि एरव्हीं फडक्यांत गुंडाळून माळ्यावर पडलेलें असें हें पिस्तूल. "रघूजी महाराजांनीं आपल्या पूर्वजांस बक्षीस दिलेलें" अशी घरांतील पिढीजात समजूत. आणि तिच्या जोरावर मधल्या भावानें आपल्या वांट्यास आलेल्या आईच्या पाटल्या सोडून पिस्तूल पत्करण्याची तयारी दर्शविली होती. इतक्यांत जुन्या वस्तु घेणारा एक व्यापारी येऊन गेला. नळी एका जातीची, चाप दुसऱ्या जातीचा, घोडा तिसऱ्याच चापावरचा असें त्यानें सर्वांना बोटानें दाखविलें आणि म्हणाला, "हें जोडकाम आहे. भंगाराच्या भावानें घेऊन जाईन." एका बाजूस आईच्या पाटल्या, दुसऱ्या बाजूस भंगार! आम्हांस या वस्तूंची थोडी हौस आहे हें धाकट्या भावास ठाऊक होतें. त्यानें बोलावणें पाठविलें.

आम्ही गेलों तेव्हां घरांतला आठ-नऊ वर्षांचा मुलगा तें पिस्तूल दोन्ही हातांनीं धरून भिंतीवरच्या घड्याळावर नेम धरीत होता. प्रथम तें त्याच्या हातून काढून घेतलें. हीं जुनीं शस्त्रें ठासणीचीं. दारू आणि गोळी नळीच्या तोंडानें आंत ठासावयाची, त्यामुळें बाहेरून पाहून कांहींच कळत नाहीं. बांबूची एक बारीक काडी नळींत सोडली, ती टेकली तेव्हां नळीच्या तोंडाशीं तिच्यावर खूण केली, आणि मग तीच काडी नळीला बाहेरून लावून पाहिली. ती कानाच्या, म्हणजे जेथून जाळ आंतील दारूला लागतो त्या छिद्राच्या, चांगली दोन बोटें अलीकडे थांबत होती. थोरल्या वहिनींचा चेहरा उतरला. परवाना असलेल्या एका बंदूक-कारागिरास घरीं बोलावलें. त्यानें आधीं नळींत पाणी मुरूं दिलें आणि मग सावकाश आंतला ऐवज काढला : चिंधीचा बोळा, शिशाची गोळी आणि खडा झालेली काळी दारू. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनींही पेट घेऊं शकते. किती दसरे हें भरलेलें शस्त्र पोराबाळांच्या घोळक्यांत मांडलें गेलें असेल! वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें कांहीं असेल तर किंमतीची गोष्ट मागाहून. आधीं ती काडी.

आतां मूळ प्रश्न. निरनिराळ्या भागांचें बनलेलें पिस्तूल खरोखर भंगार असतें काय?

नवा शौकीन येथें हटकून दोन्हीं बाजूंनीं फसतो. प्रथम तो सगळ्याच जुन्या लोखंडाला ऐतिहासिक समजून वाटेल ती किंमत देतो. आणि एकदां ठोकर खाल्ली कीं "सर्व भाग मूळचेच पाहिजेत" असा हट्ट धरून हातीं आलेली चांगली वस्तु परत करतो. दुसरी चूक पहिलीपेक्षां कमी नव्हे. आपल्या देशांतील जुन्या शस्त्रांत सर्व भाग एकाच कारखान्यांतले असणें हीच विरळा गोष्ट आहे.

त्याचें कारण शस्त्रें घडविण्याच्या रीतींत आहे. पिस्तुलाचे मुख्य भाग तीन : नळी, चाप आणि लांकडी दस्ता. चाप म्हणजे घोडा, त्याच्या तोंडांतील गार, ती जिच्यावर आपटते ती पोलादी पट्टी, रंजकाची वाटी आणि आंतील कमानी मिळून होणारें सारें यंत्र. अठराव्या शतकांत यांतला प्रत्येक तुकडा कानशीनें घासून दुसऱ्याशीं जुळवीत. एका चापाचा स्क्रू दुसऱ्या चापास बसेलच असा भरंवसा नसे. १७८५ सालीं फ्रान्समध्यें ऑनोरे ब्लां या कारागिरानें सुट्या भागांच्या ढिगांतून हवे ते भाग उचलून चाप जोडून दाखविला, तेव्हां पाहणाऱ्यांस नवल वाटलें, तें यामुळेंच. अर्थात् जेथें कारखाना हजारों मैल दूर आणि वस्तु रोजच्या वापराची, तेथें मोडलेल्या घोड्याच्या जागीं दुसरा घोडा घासून बसविणें, फुटलेला दस्ता गांवच्या सुताराकडून शिसवीचा करून घेणें, हाच व्यवहार होता. मराठी फौजांत युरोपांतून आलेले चाप, देशी नळ्या आणि देशी दस्ते सुखानें एकत्र नांदत. नागपुरांत तर ही सरमिसळ अधिकच. भोसल्यांची फौज, त्यांच्या पदरचे अरब शिपाई, १८१७ च्या नोव्हेंबरांतील सीताबर्डीची लढाई, १८२१ पासून कामठीस बसलेली इंग्रजी छावणी, आणि १८५३ सालीं तिसरे रघूजी निवर्तल्यावर राज्य खालसा होऊन वाड्यांतील चीजवस्तूंचे झालेले लिलाव! एका शहरांत पन्नास वर्षांच्या आंत शस्त्रांनीं इतके हात बदलल्यावर तीं जशींच्या तशीं कशीं राहावीं?

दुसऱ्या घरची म्हणून सुनेला कोणी परकी म्हणत नाहीं. पंचवीस वर्षें त्या घरांत काढल्यावर तर नाहींच नाहीं. शस्त्राच्या भागांचेंही तसेंच आहे. ते कोठून आले यापेक्षां ते केव्हां आणि कशासाठीं एकत्र आले, याला किंमत आहे.

याचें उदाहरण पिस्तुलाचें नसून तलवारीचें आहे, पण तें आपल्या नागपूरकर भोसल्यांच्याच घरचें असल्यामुळें येथें सांगणें अवश्य आहे. २०२५ सालच्या २९ एप्रिल रोजीं लंडन येथें सॉदबी या पेढीच्या लिलावांत पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून एक तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारनें सुमारें ४७ लाख १५ हजार रुपये खर्च करून ती मिळविली आणि ऑगस्ट महिन्यांत ती मुंबईस आली. या तलवारीचें पातें युरोपांत घडलेलें, सरळ व एकधारी. मूठ मात्र आपल्याकडील मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. म्हणजे व्यापाऱ्याच्या भाषेंत हेंही जोडकामच! परंतु त्या पात्याच्या पाठीवर सोन्यानें देवनागरींत रघूजींचें नांव, 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब आणि पुढें 'फिरंग' हा शब्द कोरलेला आहे. पातें परकीय आहे हें लपविलें नाहीं. उलट तें सोन्याच्या अक्षरांनीं नोंदविलें. चांगलें युरोपीय पातें मिळवून त्याला आपली मूठ बसविणें ही त्या काळच्या सरदारांची आवड होती, आणि अशा तलवारीला 'फिरंग' हें नांवच पडलें होतें. तलवार परदेशीं कशी गेली याविषयीं सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीचा तर्क सांगतात. तें कसेंही असो. तिला किंमत आली ती भागांच्या एकजातीपणामुळें नव्हे, तर त्या लेखामुळें.

सारांश, जोडकामाचे प्रकार तीन. पहिला जन्मापासूनचा, या फिरंगेसारखा. यांत दोष कांहींच नाहीं. दुसरा चालत्या संसारांतला : शस्त्र वापरांत असतां मोडलें, दुरुस्त झालें, पुन्हां वापरलें गेलें. यानें किंमत थोडी उतरते, परंतु वस्तु खरी राहते, आणि आमच्यासारख्यांना तर तिच्यांतच अधिक गोडी वाटते. तिसरा प्रकार दुकानांतला. दोन मोडक्या पिस्तुलांचें एक धड पिस्तूल करावयाचें, लाख व मेण भरून फटी बुजवावयाच्या, वर चहाच्या पाण्याचा रंग द्यावयाचा आणि "पेशवाईंतलें" म्हणून विकावयाचें. याची किंमत सुट्या भागांच्या किंमतीहून अधिक धरूं नये.

हे प्रकार ओळखावे कसे? भिंगानें, उजेडानें आणि मुख्यतः सवडीनें. लांकडांत चापाची जागा कोरलेली असते. तिची कड चापाच्या कडेशीं नखही न जाईल इतकी जुळते काय तें पाहावें. जुन्या दुरुस्तींत ती जुळते, कारण सुतारानें तो चाप समोर ठेवूनच लांकूड कोरलेलें असतें. दुकानच्या जोडकामांत चाप लहान आणि घर मोठें असा प्रकार दिसतो. मग गंज पाहावा. नळीच्या कानाभोंवतीं रंजकाच्या जाळानें लोखंडाला देवीचे व्रण पडल्यासारखें झालेलें असतें. शेजारची रंजकाची वाटी जर गुळगुळीत असेल तर तीं दोन्हीं एकत्र जळलेलीं नव्हत. चाप उतरवून आंत पाहतां आलें तर फारच उत्तम. कारागीर जुळवणीच्या वेळीं भागांवर कानशीच्या रेघा किंवा रोमन आंकडे मारून ठेवीत; सर्व भागांवर तीच खूण असेल तर तीं सख्खीं भावंडें समजावीं. पण चाप उतरविण्याचें काम हौशी माणसानें स्वयंपाकघरांतील सुरीनें करूं नये. स्क्रूची खांच एकदां बिघडली कीं ती पाहणाऱ्याच्या नजरेंत सर्वांत आधीं भरते.

एक लबाडी विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावांत गारेच्या चापाची जागा केपाच्या चापानें घेतली. त्या वेळीं शेंकडों जुनीं पिस्तुलें केपावर चालतील अशीं बदलून घेण्यांत आलीं. हा बदल त्या काळचा, म्हणून तो इतिहासाचाच भाग आहे. परंतु गारेच्या पिस्तुलाला गिऱ्हाईक अधिक मिळतें हें पाहून कांहीं व्यापारी त्याला उलट फिरवून पुन्हां गारेचें करतात. मग कानाच्या जागीं धातूची नवी टिकली ठोकलेली दिसते, चापाच्या पत्र्यावर बुजविलेलीं छिद्रें दिसतात, आणि घोड्याचा गंज पत्र्याच्या गंजाशीं जुळत नाहीं. असें पिस्तूल केपाचें म्हणून जेवढ्याला मिळालें असतें त्याहूनही कमी किंमतीचें समजावें. राजस्थानांतील हस्तकलेच्या बाजारांत मिळणाऱ्या पितळी नक्षीच्या नव्या पिस्तुलांविषयीं अधिक लिहीत नाहीं. तीं भिंतीवर शोभतात. त्यांतल्या पुष्कळांना कानच नसतो.

आतां वाड्यांतल्या पिस्तुलाकडे वळूं. नळीच्या मागच्या अंगास भिंगाखालीं एक छाप दिसली : तिरकस ठेवलेले दोन राजदंड, वर मुकुट आणि बी, पी, सी हीं तीन इंग्रजी अक्षरें. ही बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाची खूण. तेथें नळींत जादा दारू भरून ती फुटते कीं टिकते हें पाहत आणि टिकल्यास छाप मारीत. हें परीक्षागृह १८१३ सालीं कायद्यानें स्थापन झालें; म्हणजे ही नळी त्याच्या आधींची असणें शक्य नाहीं. चापावर मागच्या पायांवर उभा राहून पंजांत मुकुट धरलेला सिंह होता. ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण. १८०८ च्या सुमारापर्यंत कंपनी आपल्या चापांवर हृदयाच्या आकाराची छाप मारी. सिंह आला तो त्यानंतर. घोडा मात्र कंपनीच्या घडणीचा नव्हता. जाड, ओबडधोबड, देशी लोहाराच्या हातचा. दस्ता शिसवीचा, मानेशीं एकदां चिरलेला आणि पितळेच्या पट्टीनें बांधलेला. त्या पट्टीची कड हाताच्या घासानें लांकडाइतकीच गुळगुळीत झाली होती. चाप लांकडांत असा बसला होता कीं फटींत कागदही जाईना. कोठें लाख नाहीं, मेण नाहीं, रंग नाहीं.

जोडलेल्या शस्त्राचें वय त्याच्या सर्वांत धाकट्या भागावरून ठरतें. येथें नळी सर्वांत धाकटी; म्हणून हें पिस्तूल आजच्या रूपांत १८१३ नंतरचें. पहिले रघूजी १७५५ सालीं वारले, तेव्हां त्यांचा याच्याशीं संबंध नाहीं. हें ऐकून मधल्या भावाचें तोंड एवढेंसें झालें. पण नागपूरच्या गादीवर रघूजी तीन झाले! दुसरे १८१६ च्या मार्चांत निवर्तले. त्यांच्या हयातींत तीन वर्षांत बर्मिंगहॅमची नळी येथें येऊन, जोडली जाऊन, बक्षीस दिली जाणें कठीण, अशक्य मात्र नव्हे. तिसरे रघूजी १८१८ पासून १८५३ पर्यंत गादीवर होते. घरांतील समजुतींत नुसतें 'रघूजी महाराज' एवढेंच आहे. कितवे, तें कोणी सांगत नाहीं. म्हणजे गोष्ट खोटी ठरली असें नाहीं, फक्त तिचा काळ खालीं आला. परंतु खरी ठरली असेंही नाहीं. ऐकीव गोष्टीचे पैसे देऊं नयेत, कागदाचे द्यावेत. बक्षिसाची नोंद असलेलें एखादें मोडी टिपण निघालें तर याच जोडकामाच्या पिस्तुलाची किंमत कित्येक पटींनीं वाढेल. तें न निघालें तर सीताबर्डीनंतरच्या काळांतील एक प्रामाणिक, वापरलेलें, दुरुस्त केलेलें शस्त्र एवढीच त्याची योग्यता. भंगाराहून पुष्कळ अधिक, आईच्या पाटल्यांहून पुष्कळ कमी.

कोणता भाग बदलल्यानें किती उणें पडतें, असें धाकट्या भावानें विचारलें. गज, म्हणजे ठासण्याची सळई, बदललेली असेल तर तिचा विचारच करूं नये. ती हरवण्यासाठींच असते. घोडा बदलला तर थोडी किंमत उतरते. चाप आणि नळी निरनिराळ्या वंशांचीं असतील आणि तीं केव्हां एकत्र आलीं हें सांगतां येत नसेल तर निम्म्याहून अधिक जाते, असा आमचा अनुभव. दस्ता नवा असेल तर उरतें काय? पिस्तुलांची मूळची जोडी मात्र एकत्र राहिली तर ती दोन सुट्या पिस्तुलांच्या बेरजेहून अधिक किंमतीची. म्हणून कोणाच्या घरीं जोडी असेल तर वाटणींत ती फोडूं नये.

मात्र व्यापाऱ्यानें केली नसती एवढी हानि या पिस्तुलाची घरांतल्यांनींच केली होती. दर खंडेनवमीस चिंच आणि राख लावून तें लखलखीत करण्याची चाल होती. त्या भक्तीनें नळीवरचा कारागिराच्या नांवाचा लेख पार पुसला गेला. दोन अक्षरांचे नुसते माग राहिले. तें नांव असतें तर कारागिराचा पत्ता लागता आणि नळीचें वय पांच-दहा वर्षांच्या अंतरानें सांगतां आलें असतें. जुन्या लोखंडावरची तपकिरी साय हा मळ नव्हे. पूजेच्या दिवशीं कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा पुसट हात फिरवावा. गंध-फूल पाटाला वाहावें.

कायद्याकडे कानाडोळा करून चालणार नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या घाटाच्या किंवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या शस्त्रांस सूट आहे. परंतु तें शस्त्र दुरुस्त करूनही उडवितां येणार नाहीं अशा स्थितींत असलें पाहिजे. जें साफ केलें कीं उडतें, त्यास परवाना हवा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसास दोहोंपेक्षां अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत, मग त्या वडिलोपार्जित कां असेनात. म्हणून सूट मिळावी या हेतूनें घरच्या घरीं नळींत शिसें ओतून शस्त्राचा नाश करूं नये. आधीं अधिकाऱ्यास दाखवावें. नागपूर शहरांत हें काम पोलीस आयुक्तांच्या कचेरींत चालतें. शिवाय १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तु खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं, आणि तिचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. आमच्या व्यापाऱ्याला या परवान्याविषयीं विचारलें तेव्हां त्यानें चहा अर्धा टाकून निरोप घेतला.

या नादास नव्यानें लागणाऱ्यानें पहिलें पिस्तूल विकत घेण्यापूर्वीं नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांत दोन-चार दुपारी घालवाव्यात. १८६३ पासून उभ्या असलेल्या या 'अजब बंगल्यां'तील शस्त्रांच्या दालनांत तास दोन तास उभें राहिल्यानें डोळ्यांस जी सवय होते, ती पुस्तकांनीं होत नाहीं.

वाड्यांत पुढें काय झालें तें सांगून पुरें करतों. पाटल्यांची वाटणी तिघांत सारखी झाली. पिस्तूल तूर्त वाटणीबाहेर ठेवलें आहे. थोरल्या भावानें पोलीस आयुक्तांच्या कचेरींत त्याची लेखी हकीकत देऊन अर्ज केला आहे, आणि उत्तर यावयाचें आहे. मधल्या भावानें देवघरामागच्या फडताळांतून जुन्या कागदांचे चार रुमाल खालीं काढले. सारे मोडींत. वाळवीनें एकाची कड खाल्ली आहे, बाकीचे शाबूत आहेत. घरांत मोडी वाचणारें शेवटचें माणूस म्हणजे त्यांचे आजोबा. म्हणून आतां वाचणारा शोधणें चाललें आहे.